ट्रेकचा ट्रॅक मध्येच तुटू नये म्हणून: रेकॉर्डिंग अ‍ॅप बॅकग्राउंडला चालू ठेवण्याची पद्धत

रविवारी रात्री ट्रेकच्या ग्रुपवर एक चित्र हमखास येतं: जीपीएस रेकॉर्डिंग अ‍ॅपने नकाशावर आखलेली चाललेली वाट, म्हणजे ट्रॅक. गुंजवण्यातून राजगडावर चढणारी वळणावळणाची सुरेख रेष, ती संजीवनी माचीपर्यंत जाते, आणि तिथून थेट वेल्ह्यापर्यंत पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ. म्हणजे माचीवरून उतरल्यावर अ‍ॅप झोपी गेलं आणि वेल्ह्यात चहा घेताना फोन उघडला तेव्हा जागं झालं. मधली डोंगरसोंड, तोरण्याची चढण, बुधला माची, सगळं गायब. खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘अ‍ॅप बेकार आहे, दुसरं टाक.’ दुसरं टाकलं जातं आणि पुढच्या ट्रेकला तेही तसंच झोपतं.

अ‍ॅप बदलून हा प्रश्न बहुतेक वेळा सुटत नाही, कारण अ‍ॅपला झोपवणारा फोनच असतो. स्क्रीन बंद असताना चालू राहायचं तर अ‍ॅपला एकामागून एक चार दरवाजे उघडे लागतात: लोकेशनची परवानगी, अँड्रॉइडची बॅटरी व्यवस्था, फोन बनवणाऱ्या कंपनीने त्यावर चढवलेली स्वतःची वेगळी व्यवस्था, आणि चौथा दरवाजा म्हणजे आपली बोटं. चारांपैकी तीन उघडून चालत नाही. लोक साधारणपणे पहिला उघडतात आणि निघतात.

खालच्या पायऱ्या अँड्रॉइडसाठी आहेत. आयफोनचं थोडक्यात शेवटी. क्रम बदलू नका, तो मुद्दाम तसा लावला आहे.

पायरी १: चार-पाच दिवस आधी अपडेट उरकून घ्या

आधी सेटिंग नीट लावायची आणि मग फोनचं मोठं अपडेट टाकायचं, हा उलटा क्रम सर्रास दिसतो. मोठ्या अपडेटनंतर बॅटरीच्या याद्या काही वेळा मूळपदावर येतात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर दिलेल्या परवानग्या पुसल्याच जातात. म्हणून:

१. फोनचं अपडेट बाकी असेल तर ते आधी घ्या, किंवा ट्रेकनंतर घ्यायचं ठरवून सोडून द्या. आदल्या रात्री नको.
२. रेकॉर्डिंगचं अ‍ॅप अपडेट करा. नवीन टाकणार असाल तर आत्ताच.
३. फोन एकदा बंद करून चालू करा.
४. ‘फोन बूस्टर’, ‘क्लीनर’, ‘बॅटरी डॉक्टर’ असल्या नावाचं काही असेल तर काढून टाका. चालू अ‍ॅप बंद करणं हाच त्यांचा धंदा आहे, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा करू नये.
५. फोनमध्ये एखादा जीबी तरी मोकळा ठेवा. ट्रॅकची फाइल लहानच असते, पण दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ नसतात.

एकाच फोनवर ‘खबरदारी म्हणून’ दोन अ‍ॅप लावण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. फोनने एकाला झोपवलं तर दुसऱ्यालाही झोपवण्याची शक्यता मोठी. खबरदारी हवी असेल तर ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि तो फोन वेगळ्या कंपनीचा असेल असं बघा.

पायरी २: परवानग्या, आणि त्यातली एक फसवी

अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅप इन्फो’ उघडा. पुढच्या दोन-तीन पायऱ्यांचं बरंचसं काम याच पानावरून होतं, त्यामुळे हे पान ओळखीचं करून घ्या.

१. ‘परमिशन्स’मध्ये ‘लोकेशन’ उघडा आणि ‘अलाउ ऑल द टाइम’ निवडा. अँड्रॉइड ११ पासून हा पर्याय अ‍ॅपने विचारलेल्या छोट्या चौकटीत दिसतच नाही, त्यासाठी या पानावर यावं लागतं. चौकटीत ‘व्हाइल यूझिंग द अ‍ॅप’ दाबलं की बहुतेकांना काम झालं असं वाटतं.
२. त्याच पानावर ‘यूझ प्रिसाइस लोकेशन’ चालू आहे का पाहा. ते बंद असेल तर अ‍ॅपला अंदाजे परिसर तेवढा कळतो आणि ट्रॅकचा नुसता गोंधळ होतो.
३. नोटिफिकेशनची परवानगी द्या. अँड्रॉइड १३ पासून ती वेगळी मागितली जाते आणि लोक सवयीने नाकारतात.
४. ‘पॉज अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी इफ अनयूझ्ड’ किंवा तशा अर्थाचा जो खटका असेल तो बंद करा.

पहिल्या मुद्द्याबद्दल थोडं सविस्तर. ‘व्हाइल यूझिंग’ एवढ्या परवानगीवरही ट्रॅक चालू राहू शकतो. अ‍ॅप समोर उघडं असताना रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वर कायमचं नोटिफिकेशन लागलं, तर अँड्रॉइड ते ‘वापरात’ धरतं, स्क्रीन बंद झाली तरी. म्हणून काहींचं या परवानगीवर वर्षानुवर्षं निभावतं. अडचण येते ती मध्येच अ‍ॅप मारलं गेलं तर. ते आपोआप पुन्हा उठलं तरी आता ‘वापरात’ नसतं, त्यामुळे लोकेशन मिळत नाही. नोटिफिकेशन दिसतंय आणि ट्रॅक मात्र पुढे सरकत नाही, हा विचित्र प्रकार बऱ्याचदा असा घडतो.

चौथा मुद्दा ट्रेकर लोकांना खास लागू आहे. काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःच काढून घेतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात डोंगराकडे न फिरकणाऱ्या माणसाने ऑक्टोबरात अ‍ॅप उघडलं की गेल्या हिवाळ्यात लावलेलं काहीच जागेवर नसतं. ‘मागच्या वेळी तर नीट चाललं होतं’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

तपासणी: अ‍ॅप उघडा, रेकॉर्डिंग सुरू करा, होमवर जा. वरून पट्टी खाली ओढल्यावर अ‍ॅपचं नोटिफिकेशन दिसलं पाहिजे. ती तुमच्या रेकॉर्डिंगची नाडी आहे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. इथेच थांबून कारण शोधा.

पायरी ३: अँड्रॉइडची बॅटरी परवानगी

‘अ‍ॅप इन्फो’च्या पानावर ‘बॅटरी’ किंवा ‘अ‍ॅप बॅटरी यूसेज’ असं काहीतरी असेल. अँड्रॉइड १२ पासून तिथे तीन पर्याय असतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड, रिस्ट्रिक्टेड. पहिला निवडा. काही फोनवर आधी ‘अलाउ बॅकग्राउंड यूसेज’ असा खटका दिसतो. तो चालू करून त्याच ओळीच्या शब्दांवर दाबलं की आतले पर्याय उघडतात. नुसता खटका चालू करून परतलात तर अ‍ॅप ‘ऑप्टिमाइज्ड’वरच राहतं.

जुन्या फोनवर हेच ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ या नावाखाली सापडतं. तिथे यादी ‘ऑल अ‍ॅप्स’वर करा, अ‍ॅप शोधा, ‘डोन्ट ऑप्टिमाइझ’ निवडा. यादी आधी ‘नॉट ऑप्टिमाइज्ड’वर असते आणि आपलं अ‍ॅप तिच्यात दिसत नाही, म्हणून लोक माघारी फिरतात.

याने नेमकं काय होतं? स्क्रीन बंद आहे, फोन चार्जिंगला नाही आणि बराच वेळ हललेलाही नाही, असं दिसलं की अँड्रॉइड गाढ झोपेत जातं. तिला डोझ म्हणतात. डोझमध्ये अ‍ॅपला नेट मिळत नाही, प्रोसेसर जागा ठेवण्याची त्याची विनंती ऐकली जात नाही, आणि त्याने लावलेले साधे गजर पुढे ढकलले जातात. चालताना फोन हलत असतो, त्यामुळे गाढ डोझ सहसा लागत नाही. पण दुपारी जेवायला बसलात, सॅक झाडाला टेकवली आणि तासभर आडवे झालात, की फोनच्या दृष्टीने तो टेबलावरच पडलाय. जेवणाच्या जागेपासून पुढचा ट्रॅक गायब होण्याचं हे एक कारण. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ अ‍ॅपला या झोपेतून बरीचशी सूट मिळते.

या पर्यायामुळे बॅटरी धडाधड उतरते अशी एक भीती आहे. बॅटरी खर्च होते ती जीपीएस चालल्यामुळे, आणि जीपीएस तर आपल्याला चालवायचंच आहे. रेकॉर्डिंग बंद असताना नीट लिहिलेलं अ‍ॅप या परवानगीचा काही उपयोग करत नाही. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी’ (आपल्या वापराच्या सवयी पाहून बॅटरी वाचवणारी सोय) पूर्ण बंद करा असा सल्लाही फिरत असतो. त्याची गरज नाही.

पायरी ४: कंपनीची स्वतःची यादी

सगळ्यात जास्त ट्रॅक इथे तुटतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनवर कंपनीची स्वतःची बॅटरी राखणारी व्यवस्था असते, आणि तिसऱ्या पायरीत तुम्ही जे केलंत त्याला ती बांधील नसते. मेनूंची नावं आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘ऑटोस्टार्ट’, ‘बॅकग्राउंड’ किंवा ‘स्लीप’ टाइप करा. मेनूत भटकण्यापेक्षा ते लवकर होतं.

शाओमी, रेडमी, पोको: ‘अ‍ॅप इन्फो’मध्ये ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. त्याच पानावर ‘बॅटरी सेव्हर’ उघडून ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. ही दोन वेगळी सेटिंग आहेत आणि दोन्ही लागतात. शिवाय बॅटरीच्या सेटिंगमध्ये फोन लॉक झाल्यावर मेमरी साफ करण्याचा पर्याय असतो, तो ‘नेव्हर’वर ठेवा.

ओप्पो, रिअलमी, वनप्लस: ‘अ‍ॅप इन्फो’मध्ये ‘बॅटरी यूसेज’ उघडा. ‘अलाउ बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी’ आणि ‘अलाउ ऑटो लाँच’ हे दोन्ही खटके चालू हवेत. दुसऱ्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही.

विवो, आयक्यू: सेटिंग्ज, बॅटरी, ‘बॅकग्राउंड पॉवर कन्झम्प्शन मॅनेजमेंट’. तिथे अ‍ॅप निवडून बंधन नको असा पर्याय घ्या. मग परवानग्यांच्या भागात ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी यादी आहे, तिथेही चालू करा.

सॅमसंग: बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स’ उघडा. आत तीन याद्या असतात: स्लीपिंग, डीप स्लीपिंग आणि कधीच झोपवू नये अशा अ‍ॅपची. तुमचं अ‍ॅप पहिल्या दोनपैकी कशात पडलं असेल तर काढा आणि तिसरीत घाला. वापरात नसलेली अ‍ॅप फोन स्वतः उचलून स्लीपिंगमध्ये टाकतो. तिसऱ्या यादीत नाव असेल तर टाकत नाही.

पिक्सेल, मोटोरोला: सहसा तिसरी पायरी पुरते.

आता शेवटचं आणि सगळ्यांना लागू. अ‍ॅप उघडा, अलीकडच्या अ‍ॅपच्या पत्त्यांवर (तीन उभ्या रेघांचं किंवा चौकोनाचं बटण, नाहीतर खालून वर सरकवून थांबायचं) या आणि अ‍ॅपच्या पत्त्याला कुलूप लावा. कुठे पत्त्यावर बोट दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं, कुठे तीन ठिपक्यांत ‘लॉक’ असतं, सॅमसंगवर पत्त्याच्या वरच्या आयकॉनवर दाबलं की ‘कीप ओपन’ दिसतं. कुलूप लावलं की ‘क्लोज ऑल’ किंवा ‘एक्स’ दाबल्यावर बाकीचे पत्ते उडतात, हा राहतो.

सावधान: कुलूप म्हणजे सगळं काम नव्हे. नुसतं कुलूप लावून चौथ्या पायरीचा वरचा भाग सोडला तर फोन अर्ध्या तासाने अ‍ॅप झोपवतोच. पत्ता मात्र दिसत राहतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

पायरी ५: अ‍ॅपच्या आत

इथे फार काही नाही. बिंदू नोंदवण्याचं अंतर एक ते पाच सेकंद किंवा पाच ते दहा मीटर ठेवा. बॅटरी वाचवायची म्हणून काही जण पाच-दहा मिनिटांना एक बिंदू असं लावतात. त्यात दोन तोटे आहेत. सह्याद्रीतल्या वाटेवर पाच मिनिटांत तीन वळणं निघून जातात, हा एक. दुसरा असा की एवढं मोठं अंतर दिलं की काही अ‍ॅप मधल्या काळात जीपीएस बंद करून गजर लावून झोपतात, आणि डोझमध्ये निकडीचा गजरसुद्धा एका अ‍ॅपला साधारण ९ मिनिटांतून एकदाच वाजवता येतो. म्हणजे बॅटरी वाचवायला जाऊन झोपेचं निमंत्रण आपणच देतो.

‘ऑटो पॉज’ असेल तर बंद करा. खड्या चढणीवर आपला वेग इतका कमी होतो की अ‍ॅपला आपण थांबलोय असं वाटतं.

नकाशा आधीच उतरवून ठेवा. पायथ्याच्या गावात नेट मिळेल या भरवशावर राहू नका.

पायरी ६: घराजवळ चाचणी, चार्जर न लावता

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. जे करतात त्यातले निम्मे ती चुकीची करतात: फोन चार्जिंगला लावून, किंवा गाडीत चार्जरवर ठेवून, स्क्रीन मधूनमधून उघडत. चार्जिंग चालू असताना डोझ लागत नाही, त्यामुळे असल्या चाचणीत फोन शंभर टक्के पास होतो आणि डोंगरावर नापास. बरोबर पद्धत अशी:

१. केबल काढा. बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते बघा.
२. रेकॉर्डिंग सुरू करा, नोटिफिकेशन पाहा, स्क्रीन बंद करा, फोन पिशवीत टाका.
३. वीस मिनिटं चाला. फोनला हात नाही.
४. पिशवी बाकावर ठेवून अर्धा-पाऊण तास बसा. हे जेवणाच्या विश्रांतीचं सोंग आहे.
५. पुन्हा वीस मिनिटं चाला. या वेळी मध्ये कॅमेरा उघडून पाच-सहा फोटो काढा आणि एखादं जड अ‍ॅप उघडून बंद करा.
६. घरी येऊन ट्रॅक नकाशावर मोठा करून बघा.

इमारतींना छेदून जाणारी लांब सरळ रेघ म्हणजे खंड. अ‍ॅपमध्ये वेळेचा आलेख असेल तर तो पाहा, त्यात खंड जास्त स्पष्ट दिसतो. ट्रॅक नीट असेल तर काम झालं. नसेल तर तो कुठे तुटला हे लिहून ठेवा, त्यावरून कारण सापडतं (खाली ‘तुटलाच तर’ पाहा).

चालायला वेळच नसेल तर ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाचं एक अ‍ॅप आहे. ते काही तास पार्श्वभूमीला चालून तुमचा फोन अ‍ॅप किती मारतो ते मोजतं. फोनचा स्वभाव त्यातून कळतो. पण तुमच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपची सेटिंग बरोबर लागली आहेत का, हे चालल्याशिवाय कळणार नाही.

पायरी ७: पायथ्याशी, निघण्याआधीची दहा मिनिटं

इथला क्रम सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईही इथेच असते. नाश्ता येईपर्यंत करून टाका.

१. नेट चालू असतानाच, मोकळ्या आकाशाखाली अ‍ॅप उघडा. हॉटेलच्या पत्र्याखाली नको.
२. जागा पक्की होईपर्यंत थांबा. अचूकता दहा मीटरच्या आसपास आली की पुरे.
३. बॅटरी सेव्हर बंद आहे याची खात्री करा. शिवाय अमुक टक्क्यांवर आपोआप चालू होण्याचं वेळापत्रक असेल तर तेही बंद करा.
४. रेकॉर्डिंग सुरू करा. नोटिफिकेशन दिसलं?
५. आता हवं तर एअरप्लेन मोड लावा. त्यानंतर लोकेशन चालूच आहे ना ते पाहा.
६. स्क्रीन बंद करा आणि चालायला लागा.
७. दहा मिनिटांनी एकदा उघडून बघा. रेष तुमच्या पायापर्यंत आली आहे का?

नेट आधी आणि एअरप्लेन नंतर, हे का? जीपीएसला नेट लागत नाही, फोन उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो. पण उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती नेटवरून क्षणात मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि तो अगदी सावकाश बोलतो: स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी एकदा, आणि सगळ्या ताफ्याची पूर्ण यादी ऐकायची तर साडेबारा मिनिटं. त्यात झाडी आली, संकेत तुटला की पुन्हा पहिल्यापासून. पायथ्याला एकदा जागा पक्की झाली की पुढे काही तास फोन त्याच माहितीवर काढतो.

एअरप्लेन मोडचा फायदा खरा आहे. घळीत आणि कड्यांआड फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते. मात्र ग्रुपमध्ये किमान एका फोनचं नेटवर्क चालू ठेवा. सगळ्यांनीच विमान उडवलं तर मागे राहिलेला माणूस कुणाला फोन करणार?

आता बॅटरी सेव्हरबद्दल. मी पाहिलेल्या तुटलेल्या ट्रॅकमध्ये याचा वाटा मोठा आहे, आणि वाईट हे की माणूस तो चांगल्या हेतूने लावतो. बऱ्याच फोनवर बॅटरी सेव्हर चालू असताना स्क्रीन बंद झाली की लोकेशनच बंद होतं. अ‍ॅप जिवंत, नोटिफिकेशन जागेवर, परवानग्या सगळ्या बरोबर, आणि बिंदू एकही नाही. मी स्वतः कळसूबाईला, बारीच्या पायथ्याशी, ‘दिवसभर पुरायला हवी’ म्हणून तो लावला होता. घरी येऊन पाहतो तर जिथे जिथे फोटो काढायला फोन उघडला तिथे एकेक ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. लहान मुलांच्या कोड्याच्या पुस्तकात असतात तशा.

पायरी ८: चालताना

‘क्लोज ऑल’ दाबू नका. हाताला ती सवय असते, दर दहा मिनिटांनी अंगठा तिकडे जातो. कुलूप लावलेलं असलं तरी नको.

वरून पट्टी पूर्ण खाली ओढली की अँड्रॉइड १३ पासून चालू अ‍ॅपची एक यादी दिसते आणि प्रत्येकापुढे ‘स्टॉप’ असतं. टॉर्च लावायला गेलेलं बोट तिथे पडलं तर पूर्ण अ‍ॅप बंद होतं. याच आवृत्तीपासून रेकॉर्डिंगचं नोटिफिकेशन सरकवून उडवताही येतं. नुसतं नोटिफिकेशन उडालं तर रेकॉर्डिंग चालूच राहतं, पण नाडी दिसेनाशी होते. अशा वेळी अ‍ॅप उघडून पाहा.

कॅमेरा मेमरी भरपूर खातो. फोनमध्ये तीन-चार जीबी रॅम असेल तर सलग फोटो किंवा लांब व्हिडिओ काढल्यावर ट्रॅक एकदा बघून घ्या. आणि एरवीही, प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर निघताना बघा. बसल्यावर नको, निघताना. खंड विश्रांतीत पडतो आणि निघाल्यावर वाढत जातो.

दोन दिवसांचा ट्रेक असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर रेकॉर्डिंग थांबवून सेव्ह करा आणि सकाळी नवा ट्रॅक सुरू करा. नंतर दोन तुकडे जोडणं सोपं असतं, हरवलेला दिवस परत आणता येत नाही. बॅटरी संपून फोन बंद पडला तर पुन्हा चालू केल्यावर अ‍ॅप आपणहून उठेल असं धरून चालू नका. उघडा, ‘जुना ट्रॅक पुढे चालू ठेवायचा का’ असं विचारलं तर हो म्हणा.

ट्रॅक तुटलाच तर

कुठे तुटला यावरून कारण ओळखता येतं.

स्क्रीन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांतच थांबला: पायरी ३ किंवा ४ अपुरी. बहुधा ४.

अ‍ॅपमधून बाहेर पडताक्षणी थांबला: लोकेशनची परवानगी, नाहीतर पत्ता सरकवून उडवला.

लांब विश्रांतीनंतर थांबला: डोझ. पायरी ३ पुन्हा पाहा.

फोटोंच्या जागेनंतर थांबला: मेमरी. बाकीची अ‍ॅप निघण्यापूर्वीच बंद करा.

बॅटरी २० किंवा १५ टक्क्यांवर आली तिथे थांबला: बॅटरी सेव्हर आपोआप लागला.

फोन उघडला तिथे तिथे ठिपके: बॅटरी सेव्हर पहिल्यापासूनच चालू होता.

वेळ सलग आहे पण रेष नाचते, कड्यातून आरपार जाते: यात रेकॉर्डिंग तुटलेलंच नाही. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते आणि उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात. साम्रदहून उतरणाऱ्या प्रत्येकाचा ट्रॅक तिथे असाच येतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरही थोडंफार तेच. इथे सेटिंगशी खेळत बसू नका, उलट चांगलं चाललेलं बिघडेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सहावी पायरी पुन्हा करा. पाच खटके एकदम बदलले तर काम होतं, पण कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर परत सगळं अंदाजाने.

आयफोन असेल तर

याद्यांचा गुंता नाही. लोकेशन ‘ऑलवेज’ आणि ‘प्रिसाइस’ चालू ठेवा, आणि अ‍ॅप स्विचरमध्ये अ‍ॅप वर सरकवून उडवू नका. आयफोनवर रेकॉर्डिंग मध्येच थांबण्यामागे बहुतेक वेळा हे सरकवणंच असतं. रेकॉर्डिंग चालू असताना लोकेशनची खूण वर दिसते का ते मधूनमधून बघा. पायथ्याशी नेट आधी, एअरप्लेन नंतर, हा क्रम इथेही तोच.

उतरल्यावर

गाडीत बसण्याआधी रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर वेल्हे ते पुणे हासुद्धा ट्रेकचाच भाग होतो. सेव्ह करा, जीपीएक्स फाइल (कुठल्याही नकाशा अ‍ॅपमध्ये उघडणारी ट्रॅकची फाइल) बाहेर काढा आणि ती स्वतःच्या मेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. ती फक्त अ‍ॅपच्या पोटात ठेवली आणि उद्या अ‍ॅप काढलं तर सोबत ट्रॅकही जातो. ‘ऑटो पॉज’ आणि नोंदीचं अंतर आहे तसंच राहू द्या. पुढच्या ट्रेकआधी पायरी २ आणि ४ एकदा डोळ्यांखालून घाला, पाच मिनिटांचं काम आहे. मधल्या काळात फोनचं मोठं अपडेट आलं असेल तर सहावीही करा.